दहा खेपा

निळी चादर. एका कडेला नवी शिवण.

सात वर्षांची मुलगी चमच्याने कप वाजवते. "बाबा, हा तडकलाय." कप दिसायला धडधाकट. गरम चहा ओतला तसा उलला.

रबरी शिक्का: 'ऐकून पास'.

लाकडी पेटीवरचं बटण. दाबलं की एक अ‍ॅम्प्लिफायर सुटतो, दुसरा जोडला जातो आणि पेटीतून बारीक आवाज येतो. टक.

कारखान्यात त्यांना कानकाका म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. एकतीस वर्षं ते कानांत कापसाचे बोळे घालून आंघोळ करत होते. त्यांनी ऐकल्याशिवाय एकही अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात जात नसे. यंत्रावर मापून आलेला नगही ते परत पाठवत. "कोरडा आहे हा. जीव नाही याच्यात."

मापनाच्या खोलीत त्यांचीच मुलगी होती, लहानपणी कप वाजवून तडा ओळखणारी. त्यांनीच शब्द टाकून तिला लावून घेतलं होतं.

"कोरडा म्हणजे किती, बाबा? आकडा सांगा."

"तुझी आई रागावल्यावर बोलते तितका."

मग मॅनेजर एक दिवस म्हणाले, "काका, एकदा कागदावर येऊ दे. पडद्यामागे जुना नग आणि नवा नग. दहा खेपा. फरक ओळखलात तर शिक्का तुमचा. नाहीतर पुढे यंत्रच बघेल."

"दहा कशाला, वीस ठेवा."

पडदा म्हणून घरची निळी चादर टांगलेली पाहून कानकाका खुर्चीत ऐसपैस बसले. जोडकाम करणाऱ्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलगी ती बटणाची पेटी घेऊन पडद्यामागे गेली.

गाणं सुरू झालं. थांबलं.

"बदललं, बाबा."

"हा मोकळा. बाईचा श्वास ऐकू येतोय."

"बदललं."

"हा दबलेला. तोंडावर हात धरून गातेय जशी काही."

दहाव्या खेपेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता, पण ते एकदाही अडखळले नाहीत. दारातली एक जण हळूच म्हणाली, "काकांना कोण हरवणार."

मॅनेजरांनी चादर बाजूला सारली.

टेबलावर एकच अ‍ॅम्प्लिफायर होता. नवा. पेटीची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली.

"दहाही वेळा हाच होता, काका." मॅनेजर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते खाली मान घालून निघून गेले, दारातल्या बायकाही पांगल्या.

कानकाका मुलीकडे वळले. "सकाळी कापूस तूच काढून दिलास मला."

"हो."

"तेव्हा ठरलेलं होतं?"

"आठवडा झाला. सांगितलं असतं तर चाचणी कसली?"

"आणि आई?"

"तिला फक्त चादरीची कड शिवायला सांगितली होती." ती पेटीची गुंडाळलेली वायर नीट करू लागली. "कशाला, म्हणून विचारलं तिने."

"मग?"

"सांगितलं."

कानकाका खुर्चीतून उठले. ती म्हणाली, "तुम्ही परत पाठवलेले नग मी नुसते कपाटात ठेवायची, बाबा. हातसुद्धा लावायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्यापुढे. तुम्ही म्हणायचात, आता कसा बोलतोय बघ. अन् शिक्का मारायचात. नाही बघवत मला ते."

त्यांनी खिशातून शिक्का काढला, रुमालाने शाई पुसली आणि अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवला. मग चादर उतरवली. सवयीने तिने दुसरी दोन टोकं धरली. घरी घालतात तशी दोघांनी घडी घातली, एकमेकांकडे चालत आले, आणि तिच्या बोटांतून टोकं काढून घेताना त्यांनी वर पाहिलं नाही.

पहिल्या खेपेलाच पेटी वाजली नव्हती. टक झालं नाही, हे कानकाकांनी ऐकलं होतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली होती, "बदललं, बाबा."