सातमुख्याचा कौल

१९६७ सालचा आषाढ-श्रावण. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत सगुणानं त्या वर्षी बारा राक्षस बनवले.

तिचं माहेर भोरजवळचं उत्रोली. लग्नानंतरच्या दोन्ही पंचम्या सासरीच गेल्या होत्या. एकदा म्हैस व्याली म्हणून, एकदा भाताची आवणी मागं राहिली म्हणून. यंदा काही करून जायचंच होतं. पण सासूपुढं, चंद्राबाईपुढं, विषय काढायची सोय नव्हती. खेळ मांडला तरच ती बाई जरा मऊ व्हायची. पाऊस लागला की ओटीवर कोळशानं घरं आखायची, एका अंगानं पांढरे दिसणारे फोडलेले पाच चिंचोके टाकायचे आणि दिवेलागणीपर्यंत उठायचं नाही.

नुसत्या सोंगट्या पळवून सगुणाला कंटाळा आला. तिनं वाडीपासून भोरच्या बाजारापर्यंतची वाट आखली आणि वाटेत राक्षस बसवले. ओढ्यातले गोटे आणायचे, गेरू, काजळ, हळद लावून तोंडं काढायची. पहिला राक्षस तिनं असा केला की तो कशानंच मरेना. शेजारची भामाबाई तीन दुपारी त्याच्यापुढं अडकून बसली आणि चौथ्या दुपारी आलीच नाही. तेव्हा सगुणाला कळलं, राक्षसाला नुसतं तोंड असून भागत नाही. त्याला एखादी खोड लागते आणि मरायला एखादी वाट लागते.

मग चिखल्या आला. तो खाचरात पाय धरायचा. पुढचा डाव खेळणारीनं एका पायावर उभं राहून टाकायचा. घाटात धुक्या. त्याला डोकंच नव्हतं. दोन चिंचोके पांढरे पडले की तो आपण होऊन वाट चुकायचा. शेवटच्या घरात, बाजाराच्या तोंडाशी, सातमुख्या.

"ह्यो काय करतो?" चंद्राबाईनं विचारलं.

"सहा तोंडांनी जेवतो, आत्याबाई. आन सातव्यानं मीठ कमी म्हणतो."

"माझी नक्कल करतीस व्हय गं?"

"न्हाई वो. तुमाला एकच तोंड हाय."

भामाबाई पदरात तोंड घालून हसली. चंद्राबाईनं तिच्याकडं बघितलं आणि भरभर विचारलं, "मरतो कशानं?"

"पाचीच्या पाची पांढरे पडल्यावर. मग त्याला उचलून अंगणात फेकायचा."

"तू मारून दाव. मग पंचमीला उत्रोलीला जा. ही भामा साक्षीला."

सातमुख्याला रंगवायला गेरू उरला नव्हता. घाईत सगुणानं घरातला शेंदूर तेलात कालवला, गोट्याला चोपडला आणि त्याला कोनाड्यात सुकत ठेवलं. चूक झाली ती तिथं. सकाळी ताक मागायला आलेल्या भामाबाईला कोनाड्यात शेंदरी गोटा दिसला. तिनं हात जोडले, हळद-कुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि ताक घेऊन गेली.

त्याच दुपारी सगुणाचे पाच चिंचोके पांढरे पडले. ती किंचाळलीच. गोट्याला हात घालणार, तोच भामाबाईनं तिचं मनगट धरलं.

"देवाला अंगणात फेकतीस?"

"देव कुठला? राक्षस हाय. म्याच केलाय!"

"असूंदे. सकाळी फूल वाहिलं, आन आठ दिवस आटलेली माझी म्हस दोन शेर दूध देऊन बसली."

चंद्राबाई शांतपणे सुपारी कातरत म्हणाली, "फेकला न्हाई, मंजी मेला न्हाई. मेला न्हाई, मंजी पंचमी न्हाई."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचमीला चार दिवस उरले होते. तिनं गोट्याकडं निरखून बघितलं. मग डोळे पुसले, डोक्यावर पदर घेतला.

"बरं. देव तर देव. मग त्यालाच इचारू. कौल लावू."

आता नाही कोण म्हणणार? देवाच्या कौलाला नकार देण्याइतकी चंद्राबाई धीट नव्हती. सगुणानं झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवून गोट्याच्या दोन गालांवर चिकटवल्या. डावी पडली तर राहायचं, उजवी पडली तर जायचं. उजव्या गालावर तेल किती जास्त झालंय, हे घडवणारीशिवाय कुणाला ठाऊक असणार? तिनं बोट काढायच्या आतच उजवी पाकळी घसरली.

"लई घाई झाली बाई देवाला," चंद्राबाई म्हणाली. तिनं गोट्याला बोट लावलं, बोट चोळून बघितलं, एकदा सुनेकडं बघितलं. "जा. पाच दिसांत परत ये. आन मी तवर एकटी कुनासंगं खेळू?"

सगुणा पाच दिवस झोक्यावरून उतरली नाही. परतली तर खेळाच्या वाटेत एक नवा राक्षस बसलेला. चंद्राबाईनं स्वतः घडवलेला, लुगड्याच्या चिंधीचा. नाव माहेरओढी. माहेरओढीच्या घरात सोंगटी पडली की भोरच्या दारातून थेट वाडीत परत.

पुढं भामाबाई लेकाकडं किकवीला गेली. देव होऊन अंगणात बसलेल्या सातमुख्याला जाण्याआधी पत्र्याचं छप्पर तिनंच घालून दिलं. सगुणाचा नवरा कोंडिबा कधी खेळला नाही, पण गोटे निवडून आणायचं काम म्हातारपणापर्यंत त्याच्याकडंच राहिलं. चंद्राबाई १९७८ साली गेली. आदल्या दुपारी डावात ती धुक्यापर्यंत पोचली होती. सगुणानं पुढं नातींसाठी चाळीस-एक राक्षस केले. शेंदूर मात्र पुन्हा एकालाही लावला नाही.