खुंटी आणि अंगुस्तान

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या ठायी दोन विद्या वास करीत होत्या. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याच्या कमरेचे माप नुसत्या नजरेने सांगणे, ही पहिली. आणि चित्रपटातील नटांची लायकी ठरवणे, ही दुसरी. पहिलीत ते क्वचित चुकत. दुसरीत चुकतात असे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते, कारण ज्याची विजार मास्तरांच्या कपाटात अडकून पडली आहे, तो मनुष्य सहसा वाद घालीत नाही.

एका लोकप्रिय नटावर मास्तरांचा विशेष रोष होता. हा नट गेली वीस वर्षे गच्चीवरून उड्या मारीत आणि एका बुक्कीत सहा जण आडवे पाडीत आला होता. मास्तरांनी त्याचे नामकरण 'खुंटी' असे केले होते. "कपडे झोकात बसतात त्याला, कबूल," ते कात्री चालवीत म्हणत. "बसणारच. खुंटीवर कुठलाही कोट शोभतो. पण समोर नायिका रडून रडून अर्धी झाली तरी हा आपला भिंतीकडे बघतोय. खुंटीला डोळे कुठले?"

शेजारचा सलूनवाला मात्र त्याच नटाचा निस्सीम भक्त होता. त्याने आरशाच्या वर नटाचे हातभर चित्र लावले होते, व त्याच्या छायेत तो लोकांच्या दाढ्या करीत असे.

"मास्तर, नवा सिनेमा आलाय," एके दिवशी तो वस्तरा पुसत दारात येऊन म्हणाला. "एक बुक्की नाही त्यात. म्हातारा शिंपी झालाय."

"शिंपी? सुईला भोक कुठल्या टोकाला असतं ते तरी ठाऊक आहे का त्याला?"

"एक चूक काढून दाखवा. निघाली तर माझं चित्र मी उतरवतो. नाही निघाली, तर तेच चित्र तुमच्या मशीनच्या वर. वर्षभर. आणि येईल त्याला सांगायचं, मी चुकलो म्हणून."

मास्तरांच्या पत्नी मागे बसून गुंड्यांसाठी काजे करीत होत्या. त्या हसल्या. त्यांना तो नट पहिल्यापासून आवडे. परंतु त्यांचे मत विचारण्याची त्या दुकानात पद्धत नव्हती. मास्तरांनी पैज स्वीकारली. वीस वर्षांच्या शब्दाची अब्रू अशा रीतीने पणाला लागली.

साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी मास्तर व पत्नी चित्रपटगृहात गेले. मास्तरांनी मापांची वही व पेन्सिल बरोबर घेतली होती. पहिल्याच दृश्यात त्यांना शिवणयंत्राचा पट्टा सैल दिसला. त्यांनी वहीत मान घालून 'पट्टा सैल' अशी नोंद केली. त्याच क्षणी शेजारी पत्नीने जोराने श्वास आत ओढला. मास्तरांना वाटले, यांना झुरळ दिसले असावे.

अर्ध्या तासाने त्यांना घबाड सापडले. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची धातूची टोपी, शिंपी मधल्या बोटात घालतो. हा घालीत होता करंगळीशेजारच्या बोटात. आणि एकदा नव्हे, शेवटपर्यंत. मास्तरांनी पाच रेघा मारून नोंद अधोरेखित केली. शेवटाला आजूबाजूचे लोक डोळे पुसत असताना त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातील वरबापाचे समाधान पसरले होते.

सलून सुट्टीच्या दिवशीही उघडे असे. मास्तर थेट तेथे गेले. "चुकीच्या बोटात अंगुस्तान," त्यांनी निकाल वाचून दाखवला. "असल्या शिंप्याकडे मी पिशवीसुद्धा शिवायला टाकणार नाही." सलूनवाल्याने स्टुलावर चढून, घरचे कोणी गेल्यासारखा चेहरा करून, चित्र उतरवले.

घरी आल्यावर पत्नीने चहा केला. त्या कप उचलताना नेहमीप्रमाणे उजव्या हाताचे मधले बोट ताठ वर ठेवीत होत्या.

"बघ, मडमेसारखा नखरा," विजयाच्या भरात मास्तर म्हणाले. हा विनोद ते अकरा वर्षे करीत आले होते.

"तोही तसाच कप धरत होता," पत्नी म्हणाल्या. "पाहिलंत का?"

"कोण?"

"तुमची खुंटी. पहिल्याच सीनला मशीनची सुई त्याच्या मधल्या बोटातून आरपार गेली. त्यानंतर एका अक्षरानं बोलला नाही त्याबद्दल. पण अडीच तास ते बोट कशालाच टेकवलं नाही. मग अंगुस्तान कुठं घालणार तो?"

"हे कधी झालं?"

"तुम्ही वहीत लिहीत होतात तेव्हा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. पत्नीने आपला हात त्यांच्यासमोर धरला. मधल्या बोटाचे नख उभे दुभंगलेले होते, व पेर वाकत नव्हते. शेजारच्या बोटावर अंगुस्तानाचा जुना, गोल वळ होता.

"शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यांची घाई होती, आठवतं?" त्यांनी विचारले.

मास्तरांना ते सदरे लख्ख आठवले. शंभर नग. आणि स्वतःचे वाक्यही आठवले: 'अगं, कापडाला रक्त लागू देऊ नकोस.' बोट मात्र काही केल्या आठवेना.

"त्यानं कुणाचा तरी हात नीट बघून घेतला असणार," मापांची वही मिटवीत ते म्हणाले. "नट आहे तो. मी चुकलो."

"मला काय सांगता? सलूनवाल्या भाऊजींना सांगा. तसंच ठरलंय."

मास्तर गेले, चार गिऱ्हाइकांसमोर तेच म्हणाले, आणि चित्र काखेत मारून परत आले. दुकान उघडून त्यांनी मशीनच्या वर भिंतीत खिळा ठोकला. दोनदा तो वाकला.

पत्नी दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. "खिळा कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमच्यावरच अडकवून ठेवा की. अकरा वर्षं मी खुंटीशीच संसार केला. तिला सवय आहे भिंतीकडे बघायची."

चित्र किंचित तिरपे लागले. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ते चित्र इथे कसे, असे विचारले, व मास्तरांनी ते प्रत्येकाला सांगितले. फक्त सांगताना त्यांची मान खाली होती, कारण त्या दिवसापासून काजे तेच करू लागले होते, आणि पत्नी समोरच्या खुर्चीवर बसून, अंगुस्तान कुठल्या बोटात आहे, याकडे लक्ष ठेवीत होत्या.