बर्फातलं घर

आमचे हे, रतिलाल, लडाखला फौजेत होते. पहाऱ्यावरून परतताना दरीत पडले आणि पाय गेला. दवाखान्यात विचारलं, कुठे निघाला होतास? हे अहिराणीत बोलले, "घर जाई ऱ्हायंतू." लिहिणाऱ्यानं लिहिलं, घरी जाताना अपघात. म्हणजे सुट्टीवर! अपंगत्वाची पेन्शन नाकारली, नवा पायही नाही. अकरा वर्षांनी कागदाची नक्कल मागवली, तेव्हा हे कारण कळलं. आम्ही अपील केलं.

सुनावणीला मीही गेले. साहेब म्हणाले, "घरी जाताना म्हणजे सुट्टीच ना?"

माझं डोकं फिरलं. यांनी अपघाताच्या आठवड्यात मला लिहिलेलं पत्र टेबलावर आपटलं. "मोठ्यानं वाचा."

साहेबांनी अडखळत वाचलं, "गजरा, मन्हं घर बरफमा शे. टिनना पत्रानं छत शे. पहारा संपना का घर येस."

"म्हणजे चौकीलाच घर म्हणतात हे!" साहेब म्हणाले. मग विचारलं, "आणि गावाकडचं, रनाळ्याचं घर?"

"ते माझं," मी म्हटलं.

पेन्शन मंजूर झाली, पायही मिळाला. नव्या पायानं हे नंदुरबार स्टेशनावर उतरले, तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठे?"

"घर जाई ऱ्हायनू!" हे ओरडले. "लिही, काय लिहिनं शे ते!"