दारातला गुलाबी केर

म्हैसूरच्या गोकुलममधल्या आमच्या दारातलं ते गुलाबी झाड मार्चमध्ये पानं गाळून नुसतं फुलतं, आणि मग गळत बसतं. कौतुक येणाऱ्याजाणाऱ्यांना, कंबर मोडते माझी!

वरच्या खोलीत योगा शिकायला आलेली जपानची हारुको राहते. एका सकाळी मी फुलं झाडत होते, तर ही पायरीवर बसून रडायलाच लागली. तिचं इंग्लिश मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण कळलं. तिकडे अशाच झाडांखाली ती आणि तिची आई दरवर्षी डबा घेऊन बसायच्या. फूल आठवडाभरच टिकतं, म्हणूनच त्याला जीव लावायचा, माणसाचंही तसंच, असं आई म्हणायची. आई गेल्या वर्षी गेली. यंदा तिथं एकटीनं बसवेना म्हणून पोरगी इकडे पळून आली, तर इथंही दारात तसलंच झाड! "आजी, एक दिवस झाडू नका. माझ्यासोबत बसा," म्हणाली.

अय्यो! आमच्यात सडा-रांगोळी चुकते ती घरात कुणी गेलं तरच. पण आईविना पोर, नाही कसं म्हणू?

रविवारी झाडलं नाही, म्हणून रांगोळीही नाही. झाडाखाली चटई टाकली, लिंबू पिळून चित्रान्न भात केला. आमचे हे दोनदा वाढून घेऊन तिथंच आडवे झाले. अंगावर फुलं पडत राहिली. हारुको शेजारी डोळे पुसत बसली.

समोरच्या अंबुबाईनं फाटकातून पाहिलं. रांगोळी नाही, चटईवर माणूस, वर फुलं, शेजारी रडणारी बाई! तिनं तिथूनच गळा काढला, "अय्यो, मानाजीराव गेले की हो!" पाच मिनिटांत अर्धी गल्ली गोळा. यांचे दोस्त फत्तेसिंगराव तर कोपऱ्यावरून हार घेऊनच आले. "देवमाणूस! कधी कुणाला उणं बोलला नाही."

"मला रोज बोलतात की!" मी ओरडले. "झोपलेत ते! अहो, उठा!"

उठले नाहीत. हलवलं, तरी नाहीत. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत यांना नावानं हाक मारली, आणि रडू फुटलं.

तेव्हा एक डोळा किलकिला झाला. "थांब गं. फत्ते पहिल्यांदाच चांगलं बोलतोय, ऐकू दे."

दिला एक रट्टा पाठीत! लोक हसत हसत घरी गेले. हारुको मात्र घाबरली होती. "आजी, मी नीट समजावलं नाही का?"

"समजलं गं बाई," मी म्हणाले. "इतकं समजवायला नको होतं." यांचा हात माझ्या हातात होता, तो काही सोडवेना.