चार मिनिटांची वरात

जर्मनीतल्या एका वाद्यवृंदाने अश्लेषाकडे कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवण्यासाठी चार मिनिटांची रचना मागितली होती. सत्तर वादक, पहिल्या क्षणापासून धावणारं संगीत, लोकांनी खुर्चीत सरसावून बसावं असं काहीतरी. परदेशात शिकून आलेली अश्लेषा बारामतीला आईवडिलांच्या घरी, वरच्या खोलीत त्याच्याशी झटत होती. आणि एका दुपारी मधला भाग अचानक सापडला. खालून व्हायोलिनं धावतायत आणि वर क्लॅरिनेट एक नाचरी चाल उधळतंय. ती इतकी खूश झाली की तिने संगणकाचा आवाज पार खालपर्यंत ऐकू जाईल असा मोठा केला.

तिची आई, इंदिराबाई, कणीक मळता मळता खालूनच ओरडली, "अगं, हे तर शेळगावच्या बँडचं! सुयोगच्या वरातीत वाजलं नव्हतं का? घोडा बिथरला होता बघ."

अश्लेषा हसली, पण तिने आवाज बंद केला. सुयोग तिचा मावसभाऊ; त्याच्या लग्नात ती लहान होती. त्याच्या लग्नाचा व्हिडिओ तिने मावशीकडून मागवून घेतला. धूळ, फेटे, बिथरलेला घोडा, आणि मागे तीच चाल. स्वर न् स्वर तोच. जे आपण रचलं म्हणून ती नाचत होती, ते लहानपणीच कानात शिरून बसलेलं होतं.

त्यानंतर तिला एका जागी बसवेना. रचना पाठवायला आठवडाच उरला होता. सकाळी उठल्याबरोबर तिने गाडी काढली आणि शेळगावला जाणारा इंदापूर रस्ता धरला.

बँडचे मालक संभाजीतात्या घरापुढच्या पत्र्याखाली ढोलाच्या दोऱ्या आवळत बसले होते. क्लॅरिनेट ते स्वतः वाजवत. सुयोगची बहीण म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"तात्या, एक चाल ऐकवायची होती. तुमची आहे का सांगा."

तिने मोबाईलवर आपल्या रचनेचा मधला भाग लावला. तात्यांचे हात थांबले, चेहरा उजळला. "अगं ए, भाईर ये! ऐक, आपली चाल!" त्यांच्या पत्नी ठमाबाई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोण वाजवतंय?" तात्यांनी विचारलं.

"अजून कुणी नाही. पुढच्या महिन्यात जर्मनीत मोठा ऑर्केस्ट्रा वाजवणार आहे."

"ऑर्केस्ट्रा म्हंजी गणपतीत गाणी म्हणत्यात, तसला?"

"नाही, नुसती वाद्यं. तात्या, ही चाल माझ्या रचनेत राहू द्याल का? खाली तुमचं नाव छापू."

तात्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "न्हाय."

अश्लेषाला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"नाव छापणार तितं. हितं कोण वाचतंय? उद्या ही मोबाईलवर यील. मग मी वरातीत वाजवली, की पोरं म्हणत्याल, तात्या, कुठनं उचलली? ह्या वयात मी काय दारोदार सांगत फिरू, माजी हाय म्हणून?"

"मी सांगीन ना सगळ्यांना."

"तू हितं असतीस कुठं, पोरी?"

"अवं, च्या तरी घिऊ द्या तिला," ठमाबाई म्हणाल्या. चहा झाला. विषय पुन्हा कुणी काढला नाही.

परतताना तिच्या मनात एकच घोळत होतं: विचारायला गेलेच नसते तर? कुणाला कळणार होतं? घरी आल्यावर तिने दोन-चार स्वर इकडचे तिकडे करून पाहिले. चाल लगेच खोटी दाढी लावलेल्या ओळखीच्या माणसासारखी दिसू लागली. दोन दिवस ती गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिली. जेवायला हाक मारली तर खेकसायची. तिसऱ्या दिवशी तिने क्लॅरिनेटची सगळी ओळ पुसून टाकली.

उरली ती नुसती धावणारी व्हायोलिनं. ती ऐकून तिलाच भीती वाटली. तिने आईला वर बोलावलं.

"मला अजून ऐकू येतीय ती," आई म्हणाली.

"अगं, काढलीय!"

"तरी येतीय. मी काय करू?"

अश्लेषाला धडकी भरली. तिने लगेच तात्यांना फोन लावला आणि संगणक शेजारी ठेवून सगळी चार मिनिटं ऐकवली.

"ह्यात माजं काय न्हाय," तात्या म्हणाले. "पर लई पळतंय गं हे. कुणामागं पळतंय?"

"माहीत नाही, तात्या."

"मग ऱ्हाऊ दे तसंच."

तिने रचना तशीच पाठवली. पुढच्या महिन्यात ती जर्मनीला गेली. तालमीत वाद्यवृंदाच्या संचालकांनी मध्ये क्लॅरिनेटला काहीतरी द्या म्हणून आग्रह केला. ती नको म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. व्हायोलिनं एकटी धावू लागली तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं खरोखर सरसावून बसली, जणू कोपऱ्यावरून आता कुणीतरी वळून येणार होतं. कुणी आलं नाही. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. अश्लेषा मंचावर जाऊन वाकली, परत येऊन बसली, आणि पुढची संथ रचना सुरू झाली. तिचा पाय मात्र त्या पुसलेल्या चालीवर ठेका धरायचा थांबेना. शेजारच्या बाईंनी आधी पायाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. तेव्हा ती हळूच उठली आणि बाहेरच्या लांब व्हरांड्यात भराभरा चालू लागली.