हिरीनं अडवलेलं फूल

पवनामाईची आण, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं बोलले तर माझे उरलेले तीन दात आत्ता हितंच पडू देत.

"हिरे, वाट सोड!" कस्तुराबाई कडाडली.

गौरी बोळवायला आमी समद्या बायका धरणाच्या काठाला गेलतो. हिरी गुडघाभर पाण्यात हात पसरून उभी. ठाकरवाडीची बाई. टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून धरणात जाळं टाकायची, मासळी इकून घर चालवायची. गावच्या बायकांपुढं कधी मान वर केली न्हवती तिनं.

"गौर जाऊंद्या, मावशी. कळशीतलं ते जांभळं फूल तेवढं सोडू नका."

ते फूल कस्तुराबाईनं देहूरोडच्या लेकीकडनं आणलेलं. तेरड्यापरीस देखणं, म्हणून गौरीपुढं कळशीत तरंगत ठेवलेलं. आन् पुजेचं फूल पाण्यातच सोडायचं, ही आमची रीत.

"फुलाला भितीस व्हय गं?"

"जलपर्णी हाय ती. एकीच्या शंभर व्हत्यात. खाली नदीला माझ्या भावाच्या जाळ्यात नुसती मुळं यायला लागली. होडी खुंट्यालाच कुजली त्याची."

खरं बोलत व्हती. तितं पुढं म्या सोता म्हैस बघितली, जलपर्णीवरनं चालत पल्याड गेलेली. खूर बी भिजला न्हाई!

"देवीचं फूल अडवतीस? घरात काय इपरीत झालं तर?"

"पाप माझ्या माथ्यावर. पर माझ्या धरणात हे पेरू नका."

"धरण तुझं कधी झालं गं?"

"माझी चूल ह्याच पाण्यावर पेटती, मावशी."

कस्तुराबाईनं रागानं कळशी उलटी केली. हिरीनं फूल झेललं, पर एक कोंब तुटला आन् वाऱ्यासंगं आत निघाला. हिरीनं फूल काठावर फेकलं आन् लुगड्यासकट उडी घेतली. आधी डोकं दिसलं, मग तेबी दिसंना. कस्तुराबाईच्या हातातली कळशी खाली पडली.

मग पाण्यातनं एक मूठ वर आली. मुठीत हिरवं टोक.

बाहेर येऊन तिनं फूल आन् कोंब दोन्ही पदरात बांधलं, गौरीला हात जोडले आन् वाडीला गेली.

आता दर गौरीला ती काठावर टोपली घेऊन बसती. "पाण्यात न्हाई, हितं टाका. वाळवून पुरते मी." शाळेची पोरं घोळका करत्यात. तिनं ते फूल वाळवून ठेवलंय, ते दावती, मुळं दावती. बायका आता आपणहून टोपलीत टाकत्यात.

दात हलायला लागलाय, तर सांगूनच टाकते. म्हशीचं खरंच हाय. कस्तुराबाईचं तेवढं खोटं. त्या साली ती गावात न्हवतीच. लेक माझी, कळशी माझी.

पोरं इचारत्यात, "फूल कुणी आणलेलं?" हिरी म्हनती, "व्हती एक बाई. तिला ठाऊक न्हवतं."

मी शेजारीच बसलेली असते, टोपली धरून.