कोणी तपासले

“दोनशे चौदा,” मोजणीताई म्हणाल्या.

“माझ्याकडे एकशे एकोणनव्वद,” लॅपटॉपवरून मान न उचलता संशोधिका म्हणाली.

चित्र एकच होते, ताईंनी दोन वर्षांपूर्वी मोजलेले: सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेल्या पेशी, काळ्या पाटीवर सांडलेल्या राखेच्या कणांसारख्या. बटणेही तीच, त्याच क्रमाने दाबलेली. तरी पंचवीस पेशी कुठेतरी गळाल्या होत्या.

डॉक्टर दारात उभे होते. प्रयोगशाळा त्यांची, शोधनिबंध त्यांचा, आणि परीक्षकांनी आकडे पुन्हा तपासून मागितले होते.

“ताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. त्याआधीची मोजणी आपण बाजूला ठेवू.”

“बाजूला म्हणजे बाद ना?”

डॉक्टरांनी हातातले कागद सरळ केले.

“मोजतो प्रोग्रॅम. डोळे गेले असतील तर माझे गेले, त्याचे कसे जातील?”

“बटणं तर तुम्हीच दाबता.”

अकराशे चित्रे होती, तीन वर्षांची. ताईंच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. त्या उठल्या आणि कपाटातून वही काढली. बावीस वर्षांत अशा चौदा वह्या भरल्या होत्या. प्रत्येक पानावर आधी तारीख, मग प्रोग्रॅमच्या आवृत्तीचा क्रमांक, मग आकडे. यावरून त्यांची चेष्टा व्हायची. बाजारात गेल्या तर पिशवीचीही आवृत्ती लिहून आणतील, असे सगळे म्हणायचे.

“हा बघ माझा क्रमांक. आता तुझा सांग.”

संशोधिकेने सांगितला. आकडा बराच पुढचा होता.

“पण ताई, प्रोग्रॅम तोच आहे हो. फुकटचा, सगळे वापरतात तो.”

“पाहुणा तोच गं. माझ्याकडे एकटा आला, तुझ्याकडे बिऱ्हाड घेऊन आलाय.”

ते खरे होते. ताईंच्या जुन्या संगणकावर नुसता मूळ प्रोग्रॅम होता. त्या संगणकाला इंटरनेट नव्हते, त्यामुळे तो बसवला तसाच राहिला. संशोधिकेने उतरवून घेतला होता तो भरलेला संच. मूळ प्रोग्रॅमभोवती इतरांनी लिहिलेली शेकडो अवजारे होती, आणि सगळा संच स्वतःला अद्ययावत करत राही.

संशोधिका बदलांची यादी वाचू लागली. यादी लांबलचक होती. बऱ्याच वेळाने तिचे बोट थांबले.

“उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, ते आपोआप ठरवायची पद्धत मध्येच बदललीय. नवी पद्धत फिकट पेशी सोडून देते.” तिने यादीखाली पाहिले. “जुनी पद्धतही ठेवलीय. निवडून बघते.”

तिने निवडली. लॅपटॉपवर आकडा उमटला: दोनशे चौदा.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

“मग खरा आकडा कुठला?”

ताईंनी खणातले, दर दाबाला एक आकडा पुढे सरकणारे मोजणीयंत्र काढले, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि ओळीओळीने मोजायला सुरुवात केली. टक, टक, टक. दोघे उभे राहिले.

“दोनशे तीन. दोघंही थोडे चुकतात. रोज सारखंच चुकलं तर चालतं. अर्धं याच्याकडून अर्धं त्याच्याकडून घेतलं, तर सगळंच फुकट.”

डॉक्टरांनी मान हलवली. जुना संगणक पुढच्या आठवड्यात भंगारात जाणार होता. म्हणून सगळी चित्रे नव्या आवृत्तीत पुन्हा मोजायची आणि तिचा क्रमांक निबंधात छापायचा, असे ठरले. डोळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. “चहा सांगू का तुमच्यासाठी?” एवढेच विचारले.

“सांगा. साखर कमी.”

भरलेल्या संचात एकामागून एक चित्र आपोआप मोजायची सोय होती. अकराशे चित्रे चाळीस मिनिटांत संपली. ताई शेजारी बसून आकडे सरकताना पाहत होत्या. मग त्यांनी दर दहावे चित्र उघडायला लावले आणि हाताने मोजले. त्याला उरलेला आठवडा लागला.

शेवटच्या दिवशी त्यांनी वही उघडली. तारीख लिहिली, नवा क्रमांक लिहिला. ‘कोणी मोजले’ या रकान्यात बावीस वर्षे त्यांचीच सही होती. तिथे त्यांनी लिहिले: लॅपटॉप.

शेजारचा रकाना होता ‘कोणी तपासले’. चौदाही वह्यांत तो कोरा होता. ताईंनी पेन झटकले आणि तिथे सावकाश, पूर्ण नावाची सही केली.